आजारी मुलास शाळेस केव्हां पाठवूं नये

हिंगोली जिल्ह्यांतील जवळा बाजारासारख्या गांवीं कापूस वेचणीचे किंवा हळद काढणीचे दिवस आले म्हणजे आईबाप उजाडतांच शेतावर जातात. अशा सकाळीं मुलाचें अंग कढत लागलें, तर त्यास कोणाजवळ ठेवावें? शाळेंत दुपारचें जेवण मिळतें, लक्ष देण्यास गुरुजी असतात. म्हणून मूल शाळेसच जातें. त्यांस दोष देण्यापूर्वीं त्यांची अडचण ध्यानांत घ्यावी. तरी दोन गोष्टी पाहिल्याच पाहिजेत: मुलास दिवसभर वर्गांत बसवेल काय, आणि त्याचें दुखणें शेजारच्यास लागेल काय.

नुसतें नाक वाहतें, पण मूल खातें व खेळतें, तर त्यास अवश्य पाठवावें. उवा झाल्या म्हणून शाळा बुडवूं नये. उपाय मात्र त्याच दिवशीं करावा. ताप १०० अंशांच्या वर असला तर घरीं ठेवावें. सकाळीं तापाची गोळी देऊन मूल पाठविण्याची रीत वाईट; दुपारीं गोळीचा अंमल उतरतो व ताप पुन्हां चढतो. औषधावांचून २४ तास ताप आला नाहीं, म्हणजे पाठवावें. ओकारी व जुलाब थांबल्यावरहि एक पूर्ण दिवस जाऊं द्यावा. सन २०२३ च्या पावसाळ्यांत महाराष्ट्रभर डोळे येण्याची सांथ होती. तसे डोळे आले असतां चिपडें येणें थांबेपर्यंत मूल घरीं बरें.

गोवराविषयीं अधिक सांगितलें पाहिजे. पुरळ उठण्याच्या ४ दिवस आधींपासून तों उठल्यावर ४ दिवसांपर्यंत तो दुसऱ्यास लागतो. म्हणून ताप, खोकला व लाल डोळे एकत्र दिसले कीं पुरळाची वाट पाहूं नये. सन २०२२ च्या अखेरीस मुंबईंत गोवंडीकडे गोवरानें लहान मुलें दगावलीं. त्यांतील बहुतेकांस लस टोचलेली नव्हती. ही लस सरकारी दवाखान्यांत फुकट मिळते. पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर व दुसरी १६ ते २४ महिन्यांत देतात. कित्येक घरीं अजून गोवरास देवीचा कोप समजून औषध देत नाहींत. परंतु ज्या रोगास आपण देवी म्हणत होतों, त्याचेंच सन १९७५ नंतर भारतांत लसीमुळें नांव उरलें नाहीं! कांजिण्यांत सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत, व गालगुंडांत सूज आल्यापासून ५ दिवस शाळा नको.

आणखी एक पाहण्यांत येतें. शाळेंतून ठेवून घेतलेलें मूल आई कडेवर घेऊन आठवड्याच्या बाजारास नेते, किंवा सभेस आणते. शाळेंत लागणारा रोग तेथेंहि लागतो. मंडळीच्या सेवकांनीं घरोघर जातांना अशा मुलाची चौकशी करावी, गुरुजींस कळवावें, आणि शेजारची एखादी आजी दिवसभर बसेल काय तें विचारावें. मजुरी बुडणार नाहीं, तरच आईस मूल घरीं ठेवणें जमेल.

मूल जोरानें श्वास घेत असलें, पाणी पीत नसलें, गुंगींत असलें किंवा त्यास झटके आले, तर शाळेचा विचार करीत बसूं नये. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी व तत्काळ दवाखान्यांत न्यावें.