सागरकिनारा सर्वांचा : मुंबईच्या काठाच्या नियोजनाचा एक अभ्यास

पाणी आणि मनुष्यवस्ती यांच्यामध्ये जी जागा असते तिला आपण काठ म्हणतो. नदीचा घाट, तळ्याच्या पायऱ्या, बंदराचा धक्का, समुद्राची चौपाटी ही त्याचीच निरनिराळी रूपे होत. या जागेवर कोणी यावे आणि कोणी येऊ नये हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याच्याच हाती पाणीही राहते. म्हणून दाट वस्तीच्या बंदर-शहरात किनाऱ्याची आखणी करणे हा स्थापत्याइतकाच सामाजिक न्यायाचाही विषय ठरतो. मुंबईच्या उदाहरणावरून हा विषय समजून घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

महाडने घालून दिलेली कसोटी

रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. सरकारी व सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. परंतु ठराव कागदावर राहिला. तळ्यापर्यंत जाण्याची वाट बंदच होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक चालत तळ्यावर गेले व पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. पुढे तळे खाजगी मालकीचे असल्याचा दावा न्यायालयात करण्यात आला. तो मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी अंतिमतः फेटाळला.

या लढ्यातून नियोजनाच्या विद्यार्थ्याने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, मालकी सार्वजनिक असली म्हणजे वापर सार्वजनिक होतोच असे नाही. दुसरी, ‘खुले’ या शब्दाची परीक्षा सर्वांत शेवटी उभ्या असलेल्या माणसाच्या पावलांनी होते.

मुंबईचे दोन काठ

मुंबईच्या पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस बंदराचे शांत पाणी आहे. या दोन काठांचे भाग्य फार वेगळे झाले. पश्चिमेकडे भराव टाकून मरीन ड्राइव्हचा वळणदार रस्ता तयार झाला. त्याच्या रचनेतील खरी खुबी समुद्राच्या बाजूच्या कठड्यात आहे. लाटा अडविण्यासाठी बांधलेली भिंत बसण्याच्या उंचीची व रुंदीची असल्यामुळे ती शहरातील सर्वांत लांब बाक बनली. तेथे तिकीट नाही, दार नाही. कामावरून सुटलेला मजूर आणि समोरच्या इमारतीतील धनिक एकाच कठड्यावर बसतात.

पूर्वेकडील चित्र उलट आहे. १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. त्यानंतर ससून गोदी (१८७५), प्रिन्सेस गोदी (१८८०), व्हिक्टोरिया गोदी (१८८८) आणि अलेक्झांड्रा, म्हणजे आजची इंदिरा गोदी (१९१४) अस्तित्वात आली. माल, जकात आणि सुरक्षा यांसाठी उंच भिंती उभ्या राहिल्या. गेटवे ऑफ इंडिया, भाऊचा धक्का अशा मोजक्या जागा सोडल्या, तर माझगाव, रे रोड, शिवडी येथील रहिवासी पाण्यापासून हाकेच्या अंतरावर राहूनही पाणी पाहू शकत नाहीत.

१९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि बरीचशी मालवाहतूक खाडीपलीकडे गेली. तेव्हापासून बंदराच्या वापराबाहेर पडलेल्या जमिनीचे काय करावे हा प्रश्न उभा आहे. २०१४ मध्ये राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्यावर अहवाल दिला. २०१८ मध्ये विकास आराखड्याचा मसुदाही पुढे आला. ही जमीन सार्वजनिक आहे. ती महागड्या इमारतींच्या मागे पुन्हा झाकली गेली, तर जुनी भिंत पडून तिच्या जागी नवी भिंत आली, एवढेच होईल.

चैत्यभूमीची शिकवण

७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. तेथील स्तूपाचे उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते झाले. दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो अनुयायी तेथे येतात. खेड्यापाड्यांतील कितीतरी कुटुंबांना समुद्राचे पहिले दर्शन याच दिवशी घडते.

किनारा हा केवळ लगतच्या रहिवाशांच्या फेरफटक्यासाठी नसतो, हे या दिवशी स्पष्ट दिसते. अरुंद वाळूचा पट्टा एवढा जनसमुदाय सामावू शकत नाही. जवळच शिवाजी पार्कचे मोकळे मैदान असल्यामुळेच मंडप, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे आणि पुस्तकांची दालने यांची सोय होते. काठाला मागे मोकळी जागा लागते, हा धडा आराखडा करणाऱ्याने विसरू नये. चैत्यभूमीजवळ पावसाचे पाणी समुद्रात सोडणाऱ्या वाहिनीच्या मुखावर २०२२ मध्ये माता रमाबाई आंबेडकर स्मृती दर्शक गॅलरी उभारण्यात आली. ज्या जागेकडे लोक पाठ फिरवीत, तीच जागा समुद्र पाहण्यासाठी उपयोगात आणता येते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आराखड्याची चार तत्त्वे

पहिले तत्त्व पोहोचण्याचे. रेल्वे स्थानक वा बसथांब्यापासून पाण्यापर्यंत सरळ, सावलीची आणि चाकाच्या खुर्चीलाही चालेल अशी वाट हवी. शहर आणि समुद्र यांच्यामध्ये वेगवान रस्ता आला की पादचाऱ्याला भुयारी मार्ग शोधावा लागतो. मुंबईच्या किनारी मार्गावर हेच घडले.

दुसरे तत्त्व सलगतेचे. तुकड्या-तुकड्यांनी सुशोभित केलेली उद्याने म्हणजे किनारा नव्हे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालता आले पाहिजे.

तिसरे तत्त्व काठावर जगणाऱ्यांचे. कोळी समाजाला समुद्र हे शेत आहे. किनारी मार्गाच्या पुलाच्या खांबांतील अंतर ६० मीटर ठेवल्यास होड्यांना धोका आहे, असे वरळीच्या मच्छीमारांनी आग्रहाने सांगितले. दीर्घ आंदोलनानंतर २०२२ च्या अखेरीस एका ठिकाणी ते १२० मीटर करण्याचा निर्णय झाला. हे म्हणणे आखणीपूर्वीच ऐकले असते, तर संघर्षाचा काळ वाचला असता.

चौथे तत्त्व पाण्यालाही जागा देण्याचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी वाढली की शहरातील पाणी बाहेर पडू शकत नाही. अशा वेळी खाजण आणि कांदळवन पाणी सामावून घेतात, लाटांचा जोर कमी करतात. शिवडीच्या चिखलात उतरणारे रोहित पक्षी आपल्याला अपरिचित नाहीत. आपल्या इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावरही ते येतात. त्यांची जागा भरावाखाली गेली, तर हानी पक्ष्यांपुरती राहणार नाही.

अभ्यासासाठी

१. आपल्या गावातील एक पाणवठा निवडा. त्याची मालकी कोणाची आहे आणि प्रत्यक्ष वापर कोण करते, याची नोंद करा.
२. वृद्ध, अपंग व्यक्ती किंवा लहान मूल तेथे एकट्याने पोहोचू शकेल काय, हे चालून पाहा.
३. त्या जागेचा साधा नकाशा काढून त्यात वाट, सावली, बसण्याची जागा आणि पुराच्या पाण्याची जागा दाखवा.

आज या वसतिगृहात शिकणाऱ्यांपैकी कोणी उद्या अभियंता, वास्तुविशारद वा नगरपालिकेचा अधिकारी होईल. आराखड्यावर सही करण्यापूर्वी त्याने एकच प्रश्न विचारावा : ज्याच्या खिशात पैसा नाही आणि ज्याची शहरात ओळख नाही, तो मनुष्य मान ताठ ठेवून या पाण्यापर्यंत जाऊ शकेल काय? उत्तर ‘होय’ असेल, तरच तो काठ सार्वजनिक म्हणावा.