एक कोयता, खाणारी तोंडे सहा
(कुटुंबासाठी अभ्यासपाठ)

वाचनभाग : २ राजे ४:१-७, उत्पत्ती ४१:३३-३६, लूक १४:२८-३०



दसरा जवळ आला की आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे बांधाबांध करू लागतात. त्यांत आपल्या सेवाकार्याशी जोडलेली पारधी कुटुंबेही असतात. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, जिथे मुकादमाने करार केला असेल तिथे जायचे आणि पट्टा पडला की परतायचे. या कामात नवरा-बायको दोघे मिळून 'एक कोयता' धरला जातो. राबणारे हात चार, पण उचल एक आणि हिशोबही एकच. घरात चार लेकरे असली तर त्या एका कोयत्यावर सहा जणांचे वर्ष काढायचे असते.

शहरात एका पगारावर घर चालवणाऱ्या वाचकांनाही ही ओढाताण ठाऊक आहे. फरक इतकाच की पगार दर महिन्याला येतो. उचल वर्षातून एकदा येते, तीही काम करण्याआधी. म्हणून या पाठात आपण कोयत्याचाच हिशोब मांडू. जो हिशोब सर्वांत कठीण घरात बसतो, तो इतरांच्या घरातही उपयोगी पडतो.

१. शास्त्रभाग काय सांगतो?

२ राजे ४ मध्ये संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाची विधवा अलीशाकडे येते. नवरा देवभीरू होता, पण कर्ज ठेवून गेला. आता सावकार तिच्या दोन मुलांना दास करून नेण्यासाठी दारात येणार आहे. कर्जाचे गहाण म्हणून तिच्याकडे शेत नाही, दागिना नाही. गहाण आहेत ती मुले.

अलीशा तिला विचारतो, घरात काय आहे? ती म्हणते, थोडे तेल आहे, दुसरे काही नाही. मग तो तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी आणायला सांगतो, तीही थोडकी नव्हेत. मुलांना घेऊन दार लावायचे आणि तेल ओतायचे. मुले भांडी पुढे करतात, आई ओतते. भांडी संपली तेव्हा तेल थांबले. शेवटी अलीशा सांगतो की तेल विकून आधी कर्ज फेड आणि जे उरेल त्यावर तू व तुझी मुले गुजराण करा.

चमत्कार देवाने केला. पण त्याभोवती जो क्रम आहे तो आपल्या हातात आहे : घरात काय आहे ते पाहणे, शेजाऱ्यांची मदत, मुलांसह दाराआड काम, कर्जफेड आणि उरलेल्यावर संसार.

२. उचलीचा हिशोब

बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभूने लूक १४ मध्ये सांगितले. आपणही बसू या. पुढचे कुटुंब समजण्यासाठी कल्पिलेले आहे.

एका जोडीने ८०,००० रुपये उचल घेतली. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोड मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली. त्यानुसार टनाला ३६६ रुपये दर धरू. तर ८०,००० रुपये फिटायला सुमारे २१९ टन ऊस तोडावा लागेल. जोडीने रोज सरासरी दीड टन तोडला तरी १४६ दिवस झाले. हंगाम साधारण पाच महिन्यांचा, म्हणजे १५० दिवसांचा. वाटते, जमले!

पण हंगामात खायला लागते. त्यासाठी मुकादम जी खर्ची देतो, तीही खात्यावर चढते. आठवड्याला १,००० रुपये धरले तर २० आठवड्यांचे २०,००० झाले. म्हणजे फेडायचे १,००,०००. उलट १५० दिवस एकही खाडा न करता तोडलेला ऊस २२५ टन, त्याचे ८२,३५० रुपये. बाकी राहिले १७,६५०. आजारपण, बाळंतपण, पाऊस यांचे खाडे अजून धरलेलेच नाहीत.

पुढच्या वर्षी पुन्हा ८०,००० ची उचल ठरली, तरी ही बाकी वळती होऊन हातात ६२,३५० च येतात. खर्च मात्र तेवढाच राहतो. मग मधली फट सावकार भरतो. शेकडा पाचने दहा हजार घेतले तर महिन्याला ५०० आणि वर्षाला ६,००० रुपये नुसते व्याज.

आता मुलांकडे पाहा. आजचा सावकार त्यांना दोरी बांधून नेत नाही. पण तान्ह्याला सांभाळायला मोठी मुलगी फडावर जाते आणि तिची शाळा सुटते. मुलगा मोळ्या बांधू लागतो. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की फडावर तिच्या अब्रूची काळजी लागते. नवी जोडी म्हणजे नवा कोयता आणि नवी उचल, म्हणून तिचे लग्न उरकले जाते. कायद्याने मुलीचे लग्नाचे वय १८ आहे, हे सगळ्यांना माहीत असते. तरीही कर्ज शेवटी लेकरांच्या अंगावर येते. त्या विधवेची हाक आजही आपल्या वस्तीवर ऐकू येते.

३. पैसा हातात येण्याआधी वाटून ठेवावा

योसेफाने फारोला सुचवले की सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवावा. सुकाळ असतानाच दुष्काळाचा वाटा बाजूला काढायचा. उचल हा आपल्या घरातला चार दिवसांचा सुकाळ आहे. म्हणून ती घेण्याच्या आदल्या रात्री नवरा-बायकोने बसून चार डबे ठरवावेत.

पहिला डबा धान्याचा. ज्वारी, डाळ, तेल, मीठ यांचा पावसाळ्यापर्यंतचा साठा आधी. घरात धान्य असले की सावकाराच्या दारात जाण्याची निम्मी कारणे संपतात. रेशनकार्ड याच डब्यात मोडते. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर दर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मोफत मिळते. चारपैकी दोन लेकरांची नावे कार्डावर नसतील, तर महिन्याला १० आणि वर्षाला १२० किलो धान्य आपण सोडून देतो. आधार जोडलेले असेल तर हेच धान्य दुसऱ्या जिल्ह्यात आणि परराज्यातही उचलता येते.

दुसरा डबा मुलांचा. सहा ते चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण मोफत आहे आणि आठवीपर्यंत शाळेत दुपारचे जेवण मिळते. सहा वर्षांखालच्यांना अंगणवाडीचा आहार आहे. म्हणजे शाळेत राहिलेले मूल घराचा खर्चही हलका करते. वही, चप्पल, औषध यांचे पैसे मात्र या डब्यात बाजूला ठेवावेत आणि दुसऱ्या कशासाठीही काढू नयेत.

तिसरा डबा कर्जाचा. आधी सर्वांत जास्त व्याजाचे कर्ज फेडावे. सगळी देणी कागदावर लिहावीत : कोणाचे, किती, शेकडा किती. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. एका फायनान्स कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचे कर्ज घेऊ नये. त्याने भोक बुजत नाही, मोठे होते.

चौथा डबा अडचणीचा. त्या विधवेच्या नवऱ्याने मागे काही ठेवले नव्हते. एका कमाईवर चालणाऱ्या घरात कमावता गेला तर काय, याचा विचार जिवंतपणीच करावा लागतो. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याला वर्षाला ४३६ रुपये आणि अपघाताच्या सुरक्षा विम्याला २० रुपये लागतात. दोन्हींत २ लाखांचे संरक्षण आहे. दोघांचे मिळून ९१२ रुपये झाले. शिवाय बचत गटात महिन्याला १०० रुपये टाकले तर दहा जणींचे वर्षाला १२,००० जमतात. गटात शेकडा एक-दोनने कर्ज मिळते आणि ते व्याजही गटातच राहते.

या चार डब्यांनंतर जे उरेल त्यात सण, कपडे, मोबाइल. आपल्याकडे बहुधा हे उलटे होते. आधी सण होतो आणि उरलेल्यात धान्य.

४. दार लावून, लेकरांसह

अलीशाने विधवेला मुलांसह दार लावायला सांगितले. मुले हिशोबाबाहेर नव्हती, भांडी तीच पुढे करत होती. आपल्या घरात हिशोब बहुधा एकट्या नवऱ्याच्या खिशात असतो किंवा मुकादमाच्या वहीत. त्याला दोन उपाय आहेत.

पहिला, घरची वही. शाळेत जाणारे लेकरू रोज संध्याकाळी तीन गोष्टी लिहू शकते : आज किती टन, खर्ची किती घेतली, खाडा झाला का. वजनाच्या पावत्या त्याच वहीत ठेवाव्यात. हंगामाच्या शेवटी दोन वह्या समोरासमोर ठेवता आल्या पाहिजेत. मुले गावी राहिली असतील तर हा हिशोब फोनवरून सांगावा आणि त्यांनी लिहावा. आईबापांशी रोज बोलणेही होते.

दुसरा, बाईचे स्वतःचे खाते. अर्धा ऊस तिने तोडलेला असतो, पण पैसा तिच्या हातून जात नाही. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत पात्र बहिणींच्या स्वतःच्या खात्यावर महिन्याला १,५०० रुपये जमा होतात. वर्षाचे १८,००० होतात. वरच्या हिशोबातली बाकी होती १७,६५०. एवढीच उचल कमी घेता आली तर पट्टा पडताना कुटुंब मोकळे होऊ शकते. मात्र योजना सरकारची आहे, ती बदलू शकते. तिच्या भरवशावर नवे कर्ज काढू नये.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना आठवेल, की रेव्हरंड टिळकांचा हात सढळ होता आणि संसाराचा मेळ लक्ष्मीबाईंना घालावा लागे. देवभक्ती आणि हिशोब एकाच घरात नांदू शकतात. त्यासाठी हिशोब दोघांना माहीत असावा लागतो.

अर्पणाविषयी एक शब्द. मार्क १२ मधल्या विधवेने आपल्याजवळचे होते ते दिले, उसने आणून दिले नाही. कर्जात बुडालेल्या कुटुंबाने दानपात्रासाठी कर्ज काढावे, अशी अपेक्षा कोणत्याही मंडळीने ठेवू नये.

५. मंडळीने काय द्यावे?

शेजाऱ्यांनी त्या विधवेला तेल दिले नाही, पैसेही दिले नाहीत. त्यांनी रिकामी भांडी दिली. ती नसती तर तेल कशात ओतले असते? या कार्यासाठी दान देणाऱ्या आणि प्रार्थना करणाऱ्या सर्वांनी हे लक्षात घ्यावे. रोख मदत दोन महिन्यांत संपते. आपण भांडी देऊ शकतो. ती अशी :

• स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी गावच्या शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय करता येते. त्यासाठी मुलांची यादी दसऱ्याआधी मुख्याध्यापकांकडे पोहोचावी लागते. आईबापांना वेळ नसतो, मंडळीतल्या दोघांना असतो.
• जन्मदाखला, आधार, जातीचा दाखला, रेशनकार्डावर नाव. पारधी कुटुंबांना १८७१ च्या गुन्हेगारी जमाती कायद्याचा कलंक १९५२ पर्यंत वाहावा लागला. अजूनही कचेरीच्या पायऱ्या चढताना त्यांचे पाय अडखळतात. बरोबर जाणारा एक माणूस हेही भांडेच आहे.
• गावी राहिलेल्या आजीला आधार. नातवंडांना ताप आला तर दवाखान्यात कोण नेणार, हे आधी ठरलेले असावे. तेवढा भरवसा असला तर मोठी मुलगी फडावर जात नाही.
• वही, पेन आणि उचल घेण्याआधीच्या रात्री हिशोबाला बसणारा एक विश्वासू भाऊ किंवा बहीण.

पाळकांनी आणि पुढाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून या कुटुंबांना उसनवारी देणे टाळावे. उसने देणारा पुढारी नकळत आणखी एक सावकार होतो आणि ज्याने घेतले तो भक्तीला यायला लाजतो.

एका वर्षात कोणी कर्जमुक्त होईल असे नाही. पण उचल दरवर्षी दहा-पंधरा हजारांनी कमी होत गेली आणि मुलगी शाळेत राहिली, तर काही वर्षांनी त्या घरातले मूल कोयत्याऐवजी दुसरे काम निवडू शकते. सावकार ज्यांना न्यायला आला होता, तीच मुले शेवटी आईबरोबर घरात राहिली. हे प्रत्येक घरात घडावे म्हणून हा सगळा हिशोब.

चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या घरात सर्व देणी, व्याजासह, कोणकोणाला माहीत आहेत?
२. पैसा हातात आल्यावर तुमच्या घरात पहिला खर्च कशावर होतो? तो कशावर व्हावा?
३. तुमच्या कर्जाचा भार आज कोणत्या मुलावर पडतो आहे? कसा?
४. आपल्या मंडळीजवळ कोणती 'रिकामी भांडी' आहेत? या दसऱ्याआधी ती कोणत्या घरी पोहोचवता येतील?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, घरात जे थोडे आहे ते पाहायला आम्हाला डोळे दे. ते वाटून ठेवण्याची बुद्धी दे. फडावर गेलेल्या आईबापांना आणि गावी राहिलेल्या लेकरांना सांभाळ. शेजाऱ्याच्या दारात भांडे घेऊन जायला आम्हाला उशीर होऊ देऊ नकोस. येशूच्या नावाने मागतो. आमेन.