‘अर्जुनी/मोर’ नावाची फाइल

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी दोन. म्हणून कागदोपत्री आणि बातम्यांत एकीला ‘सडक/अर्जुनी’, दुसरीला, म्हणजे अर्जुनी मोरगावला, ‘अर्जुनी/मोर’ असं लिहायची रीत पडली. कागदावर ती तिरकी रेघ निरुपद्रवी. पायथनमध्ये मात्र याच नावाने धानखरेदीची फाइल लिहायला घेतलीत की एरर क्रमांक 2 येतो: अशी फाइल किंवा फोल्डर नाही. नवखा चक्रावतो; फाइल नाही म्हणूनच तर ती नव्याने करतोय! पण विंडोज असो की लिनक्स, ती रेघ म्हणजे फोल्डरची हद्द. संगणक ‘अर्जुनी’ फोल्डर शोधतो, त्यात ‘मोर’ ठेवायला. ओपन नवी फाइल करतं, फोल्डर नाही. योगायोगाने तसं फोल्डर असलंच तर एररही येत नाही, फाइल गुपचूप आत जाऊन बसते. मला विचाराल तर हे एररपेक्षा वाईट.

म्हणून माझा आग्रह एवढाच की फाइल उघडतानाचा एरर गिळू नका. एक्सेप्टखाली नुसतं पास लिहून आठ तालुक्यांवर लूप फिरवा: सहा फाइली होतात, दोन्ही अर्जुनी गळतात आणि जिल्ह्याची बेरीज बिनतक्रार छापून येते. कुणी म्हणेल, फाइल आहे का ते आधी तपासलं की झालं. नाही होत. तपासणं आणि उघडणं यांच्या मधल्या क्षणात दुसरा प्रोग्राम ती हलवू शकतो. शिवाय फाइल असली तरी परवानगी असेलच असं नाही, तो एरर 13. दुसरा आक्षेप मात्र रास्त आहे: खरेदी केंद्रावरच्या माणसापुढे इंग्रजी ओळींचा ढीग कशाला? टाकूच नका. पण एरर नेमका पकडा. पायथन 3.3 पासून फाइल न सापडणं आणि परवानगी नसणं यांना वेगळी नावं आहेत, दोन्ही ओएसएररच्या कुळातली. फाइलीचा पूर्ण पत्ता आणि कारण मराठीत दाखवा, काम तिथेच थांबवा. रेघ पूर्ण पत्त्यातच डोळ्यांत भरते.

फाइलीला तालुक्याचा कोड द्या, नाव आत राहू दे. आणि उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-8 लिहाच. विंडोजने स्वतःहून 1252 ही पाश्चात्त्य संकेतपद्धत धरली, तर ‘मोरगाव’ कचरा होऊन का होईना वाचलं जातं; ‘अर्जुनी’ वाचताना प्रोग्राम रफारापाशीच कोसळतो. तो एरर ओएसएररच्या कुळातला नाही, त्याला वेगळा एक्सेप्ट लागतो.