मांजर माणसाळते कसे?

महाराज बाड्यावर दिवसभर माणसांचे राज्य असते. टाऊन हॉल, टपाल कार्यालय आणि व्हिक्टोरिया मार्केट यांच्यामधील त्या विस्तीर्ण चौकात फेरीवाल्यांच्या आरोळ्या व वाहनांचे भोंगे यांमुळे शेजारच्या माणसाचे बोलणेही नीट ऐकू येत नाही. रात्री दुकाने बंद होऊन गर्दी ओसरली म्हणजे मात्र हातगाड्यांखालून व गल्लीबोळांतून मांजरे हळूच बाहेर पडतात. माणसाची चाहूल लागताच ती दिसेनाशी होतात. गेल्या पौषातील कडाक्याच्या थंडीत असेच एक मांजर, पायाला जखम झालेले, आमच्या घरी आणले गेले. त्याला घर मिळाले, आता त्याचे दुःख संपले, अशी आम्हां सर्वांची समजूत होती. ती किती चुकीची होती, हे पहिल्या दोन दिवसांतच कळून आले.

मांजर अडगळीच्या खोलीतील पत्र्याच्या पेटीमागे जे शिरले, ते बाहेरच येईना. दुधाची वाटी तशीच राहिली. घरातील धाकट्या मुलाने प्रेमाने त्याला बाहेर ओढण्यासाठी हात घातला, आणि मांजराने तो कडकडून चावला. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवून मुलाला तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे लागले व रेबीजची लस टोचून घ्यावी लागली. "सोडून द्या ते रानटी जनावर!" असे वडीलधारी मंडळी म्हणू लागली. वस्तुतः अपराध मांजराचा नव्हता. आमच्या अज्ञानाचा होता.

विद्यार्थिमित्रहो, मांजराचा मनुष्याशी संबंध फार जुना आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीच्या एका मानवी दफनाजवळ मांजराचा सांगाडा आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. धान्याच्या कोठारांतील उंदरांच्या लोभाने रानमांजरे वस्तीजवळ आली आणि हळूहळू तेथेच राहिली, असे शास्त्रज्ञ मानतात. तथापि प्रत्येक पिलाला हा धडा नव्याने गिरवावा लागतो. जन्मानंतर दुसऱ्या आठवड्यापासून सुमारे सातव्या आठवड्यापर्यंत ज्या पिलाला माणसाचा प्रेमळ स्पर्श घडतो, ते माणसाला सहज सरावते. हा काळ रस्त्यावर गेला, तर माणूस म्हणजे एक मोठा शत्रू, अशीच त्याची धारणा होते. अशा मांजराला खोलीत कोंडले तर त्याला ती खोली आश्रय न वाटता सापळा वाटते.

मग काय करावे? प्रथम त्याला पशुवैद्याकडे न्यावे. जखमेवर उपचार, जंतांचे औषध, रेबीजची लस आणि योग्य वेळी निर्बीजीकरण, ही कामे टाळू नयेत. माणसांची औषधे मांजराला कदापि देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा प्राण घेऊ शकते.

नंतर संपूर्ण घर न देता त्याला एकच शांत खोली द्यावी. खिडकीला जाळी असावी. एका कोपऱ्यात अन्नपाणी व दूरच्या कोपऱ्यात वाळूने भरलेले उथळ घमेले ठेवावे; जेवण्याची व विसर्जनाची जागा जवळजवळ असलेली मांजराला आवडत नाही. आडवे ठेवलेले पुठ्ठ्याचे खोके, आत जुने लुगडे घातलेले, हे त्याचे लपण्याचे स्थान. नेदरलँड्समधील एका प्राणिनिवाऱ्यात केलेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या नव्या मांजरांना लपायला खोके मिळाले, ती इतरांपेक्षा लवकर शांत झाली, असे दिसून आले. म्हणून लपलेल्या मांजराला ओढून काढणे हा त्याच्यावर मोठाच अन्याय होय.

दुधाविषयीची आपली समजूतही सुधारली पाहिजे. पुष्कळशा प्रौढ मांजरांना दूध पचत नाही व त्यांना जुलाब होतात. मांजर हा मांसाहारी प्राणी आहे. त्याला शिजवलेले, मीठमसाला नसलेले मांस वा मासे, अथवा मांजरांसाठी तयार केलेले खाद्य द्यावे. कांदा व लसूण त्याला विषासमान आहेत. मात्र सलग एक संपूर्ण दिवस त्याने काहीच खाल्ले नाही, तर पशुवैद्याला विचारावे.

अन्न ठराविक वेळी द्यावे आणि ते खात असता दूर, जमिनीवर, शांत बसावे. पुस्तक हलक्या आवाजात वाचावे. टक लावून पाहू नये. मांजराच्या भाषेत ती धमकी होय. त्याऐवजी डोळे सावकाश मिटून सावकाश उघडावेत. २०२० साली इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, असे केल्यावर अनोळखी माणसाजवळही मांजर येण्याचा संभव वाढतो. पुढे दररोज थोडेसे जवळ सरकावे. मांजराने कान मागे पाडले अथवा शेपटी आपटली, की आपण माघार घ्यावी. हात आपण पुढे करावा, पण स्पर्श त्याने करावा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक मांजर घरात राहू शकत नाही. वर्षानुवर्षे मोकळे राहिलेले प्रौढ मांजर अनेक आठवड्यांनंतरही खाणे टाकून खिडकीशी झुंजत राहिले, तर निर्बीजीकरण व लसीकरण करून त्याला त्याच्या ओळखीच्या जागी परत सोडणे व तेथे अन्नपाण्याची सोय करणे, हीच खरी दया होय. आपल्या हौसेसाठी त्याला कोंडू नये.

मराठीत ‘माणसाळणे’ असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. ही क्रिया मांजराने करावयाची असते. आपल्या वाट्याला येते ते वाट पाहणे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास येथे छावणी घातली, तेव्हा तंबूंची घरे आणि छावणीचे लष्कर नगर काही एका रात्रीत झाले नाही. भ्यालेल्या जिवाला तर अधिकच अवधी हवा.

आमच्या घरचे मांजर सातव्या आठवड्यात अडगळीच्या खोलीचा उंबरठा ओलांडून आपण होऊन बाहेर आले. ज्याला ते चावले होते, त्याच मुलाच्या अंथरुणाच्या पायथ्याशी ते आता रात्री निजते. मांडीवर मात्र ते अद्याप येत नाही, आणि त्यासाठी कोणी त्याला उचलतही नाही. तो मुलगा हल्ली खोलीत शिरताना दार हळू लोटतो.