गिरमिट, भुई आणि भाषा : फिजीतील भारतीय समाजाच्या आपलेपणाचा साहित्यविचार

भारताबाहेर स्थिरावलेल्या भारतीय समाजांच्या साहित्याचा विचार मराठीत प्रायः दोन चौकटींत केला जातो. पहिली चौकट गौरवाची : सातासमुद्रापलीकडे आपली संस्कृती कशी टिकून राहिली, हे तीत पाहिले जाते. दुसरी चौकट स्मरणरंजनाची : शिक्षण वा व्यवसायासाठी परदेशी गेलेल्या मध्यमवर्गीयाच्या मनातील मागे राहिलेले गाव हा तिचा विषय. दोन्ही चौकटींत सोडलेला देश केंद्रस्थानी असतो आणि राहता देश हा केवळ पार्श्वभूमी ठरतो. फिजीतील भारतीय समाजाच्या साहित्याला या चौकटी अपुऱ्या पडतात. कारण या साहित्याचा मूळ प्रश्न ‘आम्ही काय सोडून आलो’ हा नसून ‘जिथे आमच्या चार-पाच पिढ्या मातीत मिसळल्या ती भूमी आमची म्हणता येते काय’ हा आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा शोध गिरमिट, भुई आणि भाषा या तीन अंगांनी घेतला आहे.

१. ऐतिहासिक पार्श्वभूमी

१० ऑक्टोबर १८७४ रोजी फिजी ब्रिटिश साम्राज्यात सामील झाले. गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांनी दोन गोष्टी धोरण म्हणून स्वीकारल्या : मूळ फिजियनांची जमीन विकली जाऊ द्यायची नाही आणि त्यांना मळ्यांवरील मजुरीत ओढायचे नाही. वसाहत चालवायची तर मजूर हवेत; ते भारतातून आणण्यात आले. भारतीयांचे आगमन आणि मूळ रहिवाशांच्या जमिनीचे संरक्षण या एकाच धोरणाच्या दोन बाजू होत्या, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवली पाहिजे. पुढे जो संघर्ष ‘वांशिक’ म्हणून ओळखला गेला, त्याचे बीज या आर्थिक व्यवस्थेत आहे.

१४ मे १८७९ रोजी ‘लिओनिडास’ हे पहिले जहाज लेवुका बंदरात आले. १९१६ पर्यंत अशा ८७ सफरींतून साठ हजारांहून अधिक मजूर फिजीत पोचले. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कलकत्त्याहून, तर १९०३ नंतर उरलेले मद्रासहून गेले. करार पाच वर्षांचा असे. दहा वर्षांनंतर परतीचे भाडे सरकार देई. दर शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया नेण्याचा दंडक होता. मळ्यावरील ‘लाइनी’तील दहा फूट बाय सात फुटांच्या खोलीत तीन पुरुष किंवा एक कुटुंब राहत असे.

मुंबई बंदरातून फिजीसाठी ही भरती झाली नाही. त्यामुळे मॉरिशसप्रमाणे वेगळा मराठी समाज तेथे घडला नाही. तथापि या प्रथेविरुद्धच्या लढ्याशी महाराष्ट्राचा एक ठळक संबंध आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात करारबद्ध मजुरी बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी बहुमतापुढे तो फेटाळला गेला. पण पुढे १९१६ मध्ये मदनमोहन मालवीयांच्या ठरावाला जे यश आले, त्याची वाट या ठरावाने तयार केली. उरलेले करार १ जानेवारी १९२० रोजी रद्द झाले.

‘गिरमिट’ हा शब्द ‘अ‍ॅग्रीमेंट’चा मजुरांच्या तोंडी झालेला अपभ्रंश होय. मराठीत गिरमिट म्हणजे सुताराचे भोक पाडण्याचे हत्यार. या शब्दाशी त्याचा संबंध नाही. अभ्यासकाने हा भेद लक्षात ठेवावा. महत्त्वाचे हे की, कागदावरचा परका शब्द मजुरांनी स्वतःच्या जिभेवर वळवून घेतला आणि त्याच शब्दापासून ‘गिरमिटिया’ हे स्वतःचे नाव घडविले. ज्या दस्तऐवजाने त्यांना बांधले, त्याच्याच नावाने त्यांनी स्वतःची ओळख सांगितली.

२. साक्ष आणि आत्मकथन : तोताराम सनाढ्य

फिजीच्या भारतीय साहित्याचा आरंभ तोताराम सनाढ्य यांच्यापासून मानण्यास हरकत नाही. १८९३ मध्ये गिरमिटिया म्हणून गेलेले सनाढ्य १९१४ मध्ये भारतात परतले. ‘फिजी द्वीप में मेरे इक्कीस वर्ष’ हे त्यांचे पुस्तक बनारसीदास चतुर्वेदी यांनी शब्दबद्ध केले. कथन एकाचे आणि लेखणी दुसऱ्याची, हा आत्मकथनाच्या अभ्यासकांना परिचित असलेला प्रश्न येथे आरंभीच उभा राहतो. पुस्तकाचा हेतू प्रथेचे उच्चाटन हा होता आणि त्याचा वाचक भारतातील राष्ट्रवादी सुशिक्षित. त्यामुळे त्यात फिजी हे यातनास्थान होते, गिरमिटिया हा फसविला गेलेला दीन बांधव होतो आणि कुंतीसारख्या स्त्रीवरील अत्याचार हा राष्ट्राच्या अब्रूचा प्रश्न होतो. प्रचाराच्या दृष्टीने हे सर्व परिणामकारक ठरले.

परंतु त्यांचेच ‘भूतलेन की कथा’ हे लेखन या चौकटीत बसत नाही. नव्याने आलेल्या तोतारामांना ‘भुताची लाइन’ म्हणून टाकून दिलेल्या वस्तीत राहावे लागते. एकाकीपणा आणि भूक यांनी ते आत्महत्येच्या काठावर पोचतात. तेथून त्यांना जगाकडे परत आणणारे लोक मूळ फिजियन आहेत. पहिल्या पुस्तकात घर म्हणजे भारत. या कथनात घर म्हणजे लाइनीतली खोली आणि दारावर येणारा परका शेजारी. एकाच लेखकाच्या दोन संहितांतील हे अंतर निव्वळ शैलीचे नाही. वाचक बदलला की आपलेपणाचा केंद्रबिंदूही बदलतो, हे त्यातून दिसते.

ब्रिज व्ही. लाल यांच्या ‘गिरमिटियाज’ (१९८३) या ग्रंथाने या चित्राला आणखी एक बाजू जोडली. कलकत्त्याहून गेलेल्या पंचेचाळीस हजारांहून अधिक मजुरांच्या प्रवासपत्रांचा अभ्यास करून त्यांनी दाखविले की, हे लोक समाजाच्या अनेक स्तरांतून आले होते आणि त्यांतील बरेचसे भरतीपूर्वीच उपजीविकेसाठी गाव सोडून बाहेर पडले होते. म्हणजे आरकाट्याची फसवणूक खरी, पण ‘स्थिर गावातून उचलून नेलेला भोळा खेडूत’ ही प्रतिमा अपुरी. गिरमिटियाला केवळ बळी न मानता निर्णय घेणारा माणूस मानणे येथून शक्य झाले.

३. परतीविना वनवास

या समाजाच्या मनोविश्वाला आकार देणारा ग्रंथ म्हणजे तुलसीदासांचे ‘रामचरितमानस’. रामायण मंडळ्या हे गावोगावचे सामाजिक जीवनाचे केंद्र बनले. जहाजावर जातिबंधने सैल झाली; ‘जहाजी भाई’ हे नवे नाते निर्माण झाले आणि रक्ताच्या नात्याइतके ते पाळले गेले. वनवासी रामाच्या रूपात गिरमिटियांनी स्वतःला पाहणे स्वाभाविक होते.

मात्र या रूपकात एक पेच आहे. रामाचा वनवास मुदतीचा असतो आणि त्याचा शेवट अयोध्येत होतो. गिरमिटही मुदतीचे होते. पण साठ हजारांपैकी सुमारे चोवीस हजारच परतले. बहुसंख्य तेथेच राहिले. ज्यांची मुदत संपली परंतु परत जाणे झाले नाही, त्यांच्यासाठी वनवासाची कथा हळूहळू वनालाच अयोध्या मानण्याची कथा झाली. जोगिंदर सिंह कंवल यांच्या हिंदी कादंबऱ्यांची नावेच या दृष्टीने बोलकी आहेत : गिरमिटच्या अंधारकाळावर ‘सवेरा’ (१९७६) आणि त्यानंतर ‘धरती मेरी माता’ (१९७८). या दुसऱ्या नावातली धरती भारताची नाही, फिजीची आहे.

४. भुई आणि मुदत

मातेसमान मानलेली ही भूमी कायद्याने मात्र खंडाची होती. फिजीतील ऐंशी टक्क्यांहून अधिक जमीन मूळ फिजियन कुळसमूहांच्या सामाईक मालकीची आहे. १९४० पासून एका विश्वस्त मंडळामार्फत ती खंडाने दिली जाई. १९७६ च्या कायद्याने ऊसकरी भारतीय शेतकऱ्यांना तीस वर्षांचे पट्टे मिळाले. १९९७ पासून मुदती संपू लागल्या आणि अनेक कुटुंबांना राबवलेली शेते सोडावी लागली. मराठी वाचकाला येथे ‘कूळ’ हा शब्द सहज सुचेल. परंतु १९४८ च्या मुंबई कूळकायद्यामागे जमिनीवर कसणाऱ्याचा हक्क सिद्ध होण्याची जी कल्पना आहे, तिला फिजीत आधार नाही. कारण तेथील मालक हा बडा जमीनदार नसून वसाहतवादापासून आपली जमीन वाचवू पाहणारा मूळ समाज आहे. दोन न्याय्य दावे परस्परांसमोर उभे आहेत. १९४६ च्या जनगणनेत भारतीयांची संख्या मूळ फिजियनांपेक्षा अधिक भरली, तेव्हापासून मूळ समाजाच्या मनात जी भीती घर करून राहिली तिचाही विचार केल्यावाचून हे साहित्य नीट वाचता येत नाही. या समाजाच्या लेखनात घर, शेत आणि मुदत यांचे उल्लेख एकमेकांत गुंतलेले येतात, त्याचे कारण हे.

५. दुसरे विस्थापन

१४ मे १९८७ रोजी, म्हणजे ‘लिओनिडास’च्या आगमनाला बरोबर १०८ वर्षे झाली त्या दिवशी, सितिवेनी राबुका यांनी लष्करी उठाव करून डॉ. तिमोथी बावाद्रा यांचे सरकार उलथविले. त्या मंत्रिमंडळात असलेले सत्येंद्र नंदन यांची ‘द वून्डेड सी’ (१९९१) ही कादंबरी या जखमेतून आली. मे २००० मध्ये महेंद्र चौधरी यांचे सरकार ५६ दिवस ओलीस धरले गेले. दरम्यान भारतीय कुटुंबे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडाकडे निघून गेली. १९८६ मध्ये लोकसंख्येच्या जवळजवळ निम्मा असलेला हा समाज २००७ मध्ये सदतीस टक्क्यांच्या आसपास आला. इतिहासकार ब्रिज लाल यांना २००९ मध्ये देश सोडावा लागला आणि २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात त्यांचे निधन झाले.

या दुसऱ्या विस्थापनाने पहिल्याचा अर्थ स्पष्ट केला. सिडनी वा ऑकलंड येथे स्थायिक झालेल्या या माणसांना जो मायदेश आठवतो तो उत्तर प्रदेश वा तामिळनाडू नसून लबासा, बा, नांदी येथील ऊसमळे आणि शाळा हा आहे. आपण फिजीचे आहोत हे फिजी सुटल्यावर निर्विवाद सिद्ध व्हावे, हा या इतिहासातील दारुण विरोधाभास होय.

६. बोली : खंडाने न घेतलेले घर

अवधी, भोजपुरी आणि इतर बोलींच्या मिश्रणातून, इंग्रजी व फिजियन शब्द रिचवीत लाइनींमध्ये ‘फिजी हिंदी’ वा ‘फिजी बात’ तयार झाली. मळ्यावरील मुकादमासाठीचा ‘कुलंबर’ हा शब्द सकाळच्या हजेरीतील ‘कॉल नंबर’मधून आला, असे सांगितले जाते. दक्षिणेकडून आलेल्यांनीही ही बोली स्वीकारली. मात्र शाळा, प्रवचने आणि वृत्तपत्रे यांची भाषा प्रमाण हिंदी राहिली. घरातली भाषा ‘मोडकी’ ठरली. भारताला मूळ आणि फिजीला प्रत मानणारी दृष्टी भाषेच्या या उतरंडीत रुजलेली होती.

म्हणूनच सुब्रमणी यांचा प्रवास अर्थपूर्ण आहे. इंग्रजीत ‘द फँटसी ईटर्स’ (१९८८) हा कथासंग्रह लिहिणाऱ्या या लेखकाने २००१ मध्ये ‘डउका पुराण’ ही विस्तृत कादंबरी फिजी हिंदीत, देवनागरीत लिहिली. निवेदकाचे नाव फिजीलाल. ग्रामीण, मिस्कील, बहुभाषी तोंडाळपणातून सांगितलेले हे ‘पुराण’ मानसाच्या गंभीर वनवासकथेला लोककथनाचे उत्तर देते. रेमंड पिल्लई यांच्या ‘अधूरा सपना’ या नाटकानेही हीच बोली रंगभूमीवर आणली. मराठीत बोलींतील साहित्याने प्रमाणभाषेपुढे जे प्रश्न ठेवले, ते येथे अधिक तीव्रतेने येतात. कारण जमीन मुदतीने मिळालेल्या आणि राज्यघटनेने वारंवार परके ठरविलेल्या समाजाजवळ पूर्णतः स्वतःची म्हणावी अशी फिजीत घडलेली वस्तू म्हणजे ही बोली होय.

७. निष्कर्ष

२०१३ च्या राज्यघटनेने सर्व नागरिकांना ‘फिजियन’ हे समान नाव दिले. मे २०२३ मध्ये पंतप्रधान म्हणून परतलेल्या राबुका यांनी १९८७ च्या कृत्याबद्दल जाहीर क्षमा मागितली आणि त्याच वर्षी गिरमिट दिनाची सार्वजनिक सुटी सुरू झाली. कायद्याने आणि क्षमायाचनेने जे मान्य केले, ते या साहित्याने आधीच सांगितले होते. मूळ रहिवाशांचा प्रथमाधिकार नाकारल्याशिवायही तेथे जन्मलेल्याचा आपलेपणा खरा असू शकतो, हे ‘भूतलेन’पासून ‘डउका पुराणा’पर्यंतच्या लेखनाचे सूत्र आहे.

विस्थापितांच्या साहित्याचे अध्यापन करताना यावरून एक पद्धतिशास्त्रीय दक्षता निष्पन्न होते. अशा साहित्यात भारत किती ‘टिकला’ हे मोजण्याऐवजी राहत्या भूमीशी कोणते नवे नाते जोडले गेले, आणि ते कोणत्या भाषेत, हे प्रथम पाहावे. फिजीच्या बाबतीत हा क्रम उलटा केला, तर ज्यांनी एक देश घडविला त्यांना पुन्हा एकदा केवळ प्रवासी ठरविल्यासारखे होईल.