प्लॉटच्या रेषा सगळ्यात शेवटी

अमेरिकेच्या ईशान्येकडे शेतजमिनीचा ले-आउट मंजुरीला आला की नकाशा बहुधा ठरलेला असतो. दोन एकरांना एक घर असा झोनिंगचा नियम, म्हणून सगळी जमीन दोन-दोन एकरांत कापलेली, आणि मोकळं म्हणून उरतं ते प्रत्येकाच्या घरामागचं गवत. तेवढीच घरं जवळजवळ बांधून निम्मी जमीन सामायिक राखावी, यासाठी तिथल्या अनेक गावांनी वेगळे उपनियम केलेत. असा नकाशा काढायची रीत नियोजनकार रँडल ॲरेंट यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात चार पायऱ्यांत मांडली. न्यू जर्सी किंवा मॅसॅच्युसेट्समध्ये तुमच्या शेजारच्या शेताची सुनावणी लागली असेल, तर ती माहीत असलेली बरी.

पायऱ्या चढण्याआधी घरांचा आकडा पक्का करा. समजा जमीन ४० एकर आहे. म्हणजे २० घरं? मुळीच नाही. विकासकाकडून नेहमीच्या पद्धतीचा कच्चा नकाशा मागा. त्याला तिथे ‘यील्ड प्लॅन’ म्हणतात. त्यातून पाणथळ ८ एकर आणि रस्त्यांचे ४ एकर गेले तर उरले २८, घरं १४. हा आकडा पुढे हलता कामा नये. काही गावं चांगल्या आराखड्याला एखाद-दुसरं घर वाढवून देतात, ते उघडपणे दिलेलं असतं. कच्च्या नकाशातच चिखलावर प्लॉट दाखवून आकडा फुगवणं ही चलाखी झाली.

आता पहिली पायरी, आणि सगळा जीव हिच्यात आहे: काय राखायचं ते ठरवा. समोच्च रेषांच्या नकाशावर ट्रेसिंगचा कागद ठेवून पाणथळ, पूररेषेतली आणि २५ टक्क्यांहून तीव्र उताराची जमीन रंगवा. हे टेबलावर होतं. जुनी झाडं, कसदार माती, दगडी बांध, रस्त्यावरून दिसणारं मोकळं शेत यांसाठी मात्र गावाच्या नियोजन बोर्डाच्या सदस्यांनी विकासकाबरोबर पायी फिरायला हवं, शक्यतो मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा जंगलात बर्फाच्या आणि पावसाच्या पाण्याची डबकी साचलेली असतात. बेडूक आणि सॅलमँडर तिथेच अंडी घालतात. ऑगस्टमध्ये त्याच जागी नुसता पानांचा खड्डा दिसतो आणि त्यावरून खुशाल रस्ता आखला जातो. उन्हाळ्यातच जावं लागलं तर पानं उचलून बघा: काळपट, चपटी, एकमेकांना चिकटलेली असली तर इथे पाणी होतं.

बांधण्याजोग्या ३२ एकरांतले निदान १६ राखा. पाणथळ धरून २४ होतात. ही जमीन सलग हवी. आपल्याकडे ले-आउटमधली दहा टक्के ओपन स्पेस नाल्याकाठच्या तिरक्या तुकड्यात कशी बसवतात, हे पाहिलेल्यांना याचं कारण सांगायला नको. गोल्फ कोर्सही ‘मोकळी जागा’ म्हणून पुढे येतो. उपनियमात तो स्पष्ट वगळलेला आहे का, ते पाहा.

दुसऱ्या पायरीत घरांचे ठिपके द्या: राखलेल्या जमिनीच्या कडेने, टेकडीचा माथा आणि शेताचा मध्य सोडून. गटार लाइन नसेल तर सेप्टिकसाठी जमिनीत पाणी किती वेगाने मुरतं याची चाचणी आधी करून घ्या, नाहीतर सुंदर ठिपके पुसावे लागतात. अनेक ठिकाणी सेप्टिकचा शोषखड्डा सामायिक जमिनीत घेऊ देतात. त्याने बराच प्रश्न सुटतो.

तिसरी पायरी रस्ते आणि पायवाटा. ठिपके जवळ असल्याने रस्ता आपोआप आखूड होतो. दगडी बांध ओलांडायचाच तर जुन्या बैलगाडीच्या फटीतून ओलांडा. चौथ्या पायरीला प्लॉटच्या रेषा मारा, प्रत्येकी साधारण तीस गुंठ्यांच्या. याला फार वेळ लागत नाही.

नकाशा झाला तरी काम संपत नाही. सामायिक जमीन बहुधा घरमालकांच्या संघाच्या नावे होते, आणि उद्या तोच संघ ती विकायला काढू शकतो. म्हणून तिच्यावर कायमस्वरूपी संवर्धनाचा करार चढवा आणि त्याचा हक्क गावाकडे किंवा एखाद्या भूमी-न्यासाकडे द्या. तो नोंदला गेला की पुढच्या प्रत्येक खरेदीदाराला बांधतो. गवत कोण कापणार, वर्गणी किती, हेही त्याच्यासोबत लिहा; वर्षातून एकदा कापलं नाही तर शेताचं रान होतं. पहिल्या घराच्या बांधकाम परवान्याआधी करार नोंदलेला हवा, ही अट मंजुरीच्या ठरावातच घालून घ्या.