कागदाला बोट नसतं

माझ्या एका 'द'मुळे काकांचा अर्धा मृग बहार गेला. वीस वर्षं झाली त्याला, पण संध्याकाळी पोरं इंग्रजी शिकायला ओसरीवर येऊन बसली की मी आधी तीच गोष्ट सांगतो.

सौंसरला घरात मराठी, शाळेत हिंदी. इंग्रजीची गरज पडते ती बाहेरचा माणूस आला की. त्या वर्षी सप्टेंबरात संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल झाडावर पाहून दक्षिणेकडचा एक व्यापारी आला. सौदा जमला, इसार ठरला. त्याच्या भागीदाराला ना मराठी कळे ना हिंदी, म्हणून तो म्हणाला, दोन ओळी इंग्रजीत लिहून द्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुकताच बी.ए. झालेला, घरातला एकुलता एक इंग्रजीवाला.

काकांची बाग नाल्याच्या दोन्ही अंगांना. विहिरीकडची झाडं आंबियाची. पलीकडची ताण देऊन मृगावर धरलेली, तिथं फळ तेव्हा सुपारीएवढं. सौदा फक्त विहिरीकडच्या झाडांचा. आम्ही तिघंही त्याच बांधावर उभे होतो. काकांनी हात करून झाडं दाखवली आणि मी गुडघ्यावर कागद ठेवून ऐटीत लिहिलं : 'आय हॅव सोल्ड द ऑरेंजेस ऑफ माय गार्डन.' खाली रक्कम, काकांची सही.

आंबियाचा तोडा दिवाळीच्या आगेमागे झाला, पैसे मिळाले. फेब्रुवारीत तोच माणूस क्रेट घेऊन पुन्हा दारात उभा! खसऱ्यावर बाग एकच आहे, म्हणाला, आणि कागदात बागेतले संत्रे विकले असं लिहिलंय. थोडे, अमुक बाजूचे, असं कुठं आहे? शेवटी चार लोक मध्ये पडले आणि पलीकडची निम्मी झाडं त्याला देऊन मिटवलं. काका माझ्यावर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "काहून बापा, म्या तर हात करून दाखवलं होतं. तुह्या कागदात थो हात कुठं गेला?"

हात गेला होता 'द'च्या पोटात. मला शिकवलं होतं की शंका आली की 'द' ठोकून द्यायचा, वाक्य भारदस्त दिसतं. पण 'द ऑरेंजेस ऑफ माय गार्डन' म्हणजे माझ्या बागेतले झाडून सगळे संत्रे. बरं, 'दीज ऑरेंजेस' लिहिलं असतं तर वाचलो असतो का? तेही नाही. 'दिस', 'दीज' बांधावर उभं राहून बोलायला ठीक. कागद त्या भागीदाराकडे पोचला की 'हे' म्हणजे कोणते? कागदाला बोट नसतं. लेखी 'दीज' फार तर मागच्या ओळीकडे बोट दाखवतं, म्हणून मागच्या ओळीत वस्तू नीट सांगितलेली हवी : विहिरीच्या पूर्वेची 180 झाडं, आंबिया बहार. मग खुशाल 'दीज ट्रीज' म्हणा.

पोरं म्हणतात, सर, आपल्या भाषेत 'अ' नाही, 'द' नाही, मग कळायचं कसं? शब्द नाहीत, पण समज आपल्या तोंडात आहे. 'काका मुलगी शोधताहेत' म्हटलं की लग्नाचा विषय निघतो. 'काका मुलीला शोधताहेत' म्हटलं की पोर जत्रेत हरवली आहे. पहिली कोणतीही एक, ती 'अ गर्ल'. दुसरी कोणती ते ऐकणाऱ्यालाही ठाऊक, ती 'द गर्ल'. जे काम आपण शेपटीला 'ला' लावून करतो, ते इंग्रज डोक्याला 'द' लावून करतो. 'अ'ला दरवेळी 'एक' म्हणून मोजूही नका, पुष्कळदा तो आपला 'एखादा' असतो.

'अ' आणि 'द' ही आर्टिकलं मुळात स्वतंत्र शब्द नव्हतीच. जुन्या इंग्रजीत 'द' हा बोट दाखवणाराच शब्द होता, 'दॅट'चा सख्खा भाऊ. वापरून वापरून बोट बोथट झालं. 'ॲन' म्हणजे 'एक'. आधी 'ॲन'च होता, 'अ' नंतर झिजून आला. आणि या टिकलीएवढ्या शब्दांची ताकद पाहायची तर आपल्या संत्र्यातच पाहा. संस्कृतात नारंग, फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये आजही नारांहा. मग 'ऑरेंज'चा 'न' कुठं गेला? इटली-फ्रान्सकडे 'एक' या अर्थाच्या शब्दाच्या शेवटी 'न' यायचा, लगेच फळाच्या सुरुवातीला दुसरा 'न'. बोलताना दोन्ही चिकटले आणि फळाचा तो आर्टिकलनं गिळला. तेच बिननकाराचं फळ पुढं इंग्रजीत गेलं. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, तुह्या 'द'नं तर आख्खा संत्राच गिळला.

म्हणून 'अ ऑरेंज' नाही, 'ॲन ऑरेंज'. पुढचं अक्षर पाहू नका, उच्चार ऐका. 'आवर'मधला एच मुका, म्हणून 'ॲन आवर'. 'युनिव्हर्सिटी' यू अक्षरानं सुरू होते पण तोंडात 'य' येतो, म्हणून 'अ'. 'ॲन एकर', पण 'अ वन-एकर गार्डन'. आणि मध्य प्रदेशात राहून आपणच चुकतो ते 'एमपी'त : एम हे व्यंजन खरं, पण म्हणताना 'ए' येतो, तेव्हा 'ॲन एमपी नंबर प्लेट'. सौंसरला, मध्य प्रदेशाला 'द' लागत नाही. कन्हान नदीला लागतो.

खरी गंमत 'हे'ची. हा संत्रा, ही बाग, हे झाड, तिन्ही 'दिस', इंग्रजीला लिंगाशी कर्तव्य नाही. तिला फक्त एक की अनेक एवढंच हवं. आपली गडबड अशी की 'ही बाग' एक आणि 'ही झाडं' अनेक, 'हे झाड' एक आणि 'हे संत्रे' अनेक. शब्द तोच, म्हणून पोरं बेधडक 'दिस ट्रीज' लिहितात. हा-ही-हे विसरा, पुढचं नाम एक आहे का ते बघा. मान देण्यात तर हमखास घोळ. 'हे माझे काका' याचं एका पोरानं केलं, 'दीज आर माय अंकल'. मी हसलो नाही. त्याच्या घरचं वळण चांगलं होतं. इंग्रजीत काका कितीही मोठे असोत, 'दिस इज माय अंकल'च. तसंच 'ही माझी बाग विकली' चालतं, पण 'दिस माय गार्डन' चालत नाही. 'दिस' घ्या नाहीतर 'माय' घ्या.

वर्गात चुकलं तर एक मार्क जातो, तो पुढच्या परीक्षेत भरून निघतो. बागेच्या कागदात चुकलं की बहार जातो. सौद्याचा कागद इंग्रजीत लिहायची वेळ आली तर प्रत्येक नामापाशी थांबा आणि बांधावर कधीच न आलेल्या माणसाला 'कोणता?' हे कळेल का ते विचारा. कळत नसेल तर झाडं मोजा, दिशा लिहा, बहाराचं नाव लिहा. आणि हे सगळं इसार हातात घेण्याआधी.